बागेला माणूस हवा

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. नीरा डावा कालवा या दोन्हींतून वाहतो. 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजी अमलात हा कालवा झाला आणि जिथे बाजरी तरी हाती लागेल की नाही याची शाश्वती नव्हती, तिथे ऊस उभा राहिला. पुढे साखर कारखाने आले, शाळा-महाविद्यालये आली, हाती पैसा आला. आज बारामतीला गेलेला पाहुणा रुंद रस्ते, नाट्यगृह, कालव्याचे बांधलेले काठ आणि बागा पाहून खूश होऊन परततो.

डिसेंबरात आम्हीही दोन दिवस तिकडे जाऊन आलो. आम्ही म्हणजे उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या तिघी शिक्षिका आणि आमच्यापैकी एकीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळ्याच अम्मी म्हणतो. अम्मींना साखरेचा आजार आहे आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले आहे. आमच्या मनात मात्र दुसरेच काही घोळत होते. आमच्या वर्गातल्या मुली पाचवी-सहावीपर्यंत मधल्या सुट्टीत मैदान डोक्यावर घेतात. आठवीत आल्या की त्याच मुली भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि नववीत त्या मैदानावर दिसतही नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यासाठी काही करायचे तर कुठे आणि कसे, याचा शोध घ्यायचा होता. म्हणून या दोन गावांत फिरताना आम्ही स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: संध्याकाळी पाच ते सात या वेळेत इथली बाई आणि इथली मुलगी कुठे असते?

कऱ्हेकाठी

बारामती कऱ्हा नदीच्या काठी वसली आहे. नदीकाठच्या जुन्या भागात बाबूजी नाईकांचा वाडा आहे. पेशवाईतले हे बडे सावकार. कवी मोरोपंत (1729 ते 1794) यांना त्यांचाच आश्रय होता. ‘केकावली’ लिहिणारे मोरोपंत म्हणजे आपल्या मराठीच्या अभ्यासक्रमातले एक अवघड नाव. आर्या फळ्यावर लिहिली की मुले एकमेकांकडे बघू लागतात. पण वाड्यासमोर उभे राहिल्यावर आम्हाला त्यांच्या काव्यापेक्षा त्यांची नोकरी आठवली. मोरोपंत इथे पुराणिक होते. पुराण सांगणे हे धर्मकार्य होतेच, पण दिवसभराची कामे उरकून गावाने एकत्र बसायचे तेही एक निमित्त होते. आणि त्या निमित्तासाठी एक माणूस नेमलेला होता. त्याच्या पोटापाण्याची सोय केलेली होती. जागा होती, वेळ ठरलेली होती आणि लोकांना जमवून धरणारा माणूसही होता. या तीन गोष्टी पुढच्या दोन दिवसांत आमच्या डोक्यातून गेल्या नाहीत.

फजरनंतर थोडे उजाडल्यावर आम्ही तीन हत्ती चौकाकडून कालव्याच्या काठाने चालायला निघालो. थंडी होती, पाण्यावर वाफ होती. चालणारे पुष्कळ होते. कानटोपी घातलेले निवृत्त गृहस्थ, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, दोघी-तिघींच्या गटाने भराभर चालणाऱ्या बायका. अम्मींनी आमच्याबरोबर पाऊण तास चालून दाखवले. घरी त्या दहा मिनिटांत दमतात. आम्ही कौतुक केले तर म्हणाल्या, “चलने का तो जी होता, पर अकेली कैसे जाना?” अम्मी एवढेच बोलल्या, पण आम्हाला पुढचे सगळे त्यातच सापडले. चालायला वाट होती आणि पायांत ताकदही होती. घरी असताना नसते ती सोबत.

संध्याकाळी आम्ही पुन्हा फिरलो. शारदा प्रांगणाच्या परिसरात आणि इतर मैदानांवर मुलगेच मुलगे होते. क्रिकेट, धावणे, भरतीची तयारी. मैदानाच्या कडेला लहान भावाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या मुली दिसल्या. त्या सामना बघत होत्या. त्यांना कुणी हाकलले नव्हते. पण त्यांच्यासाठी तिथे काही ठेवलेलेही नव्हते.

बाग बांधण्याचा कायदा आणि बाग चालवण्याची गोष्ट

इथे थोडे कागदाकडे वळू. बारामतीची नगरपालिका 1865 सालची, म्हणजे कालव्याहूनही जुनी. आज राज्यातल्या सगळ्या नगरपरिषदा 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने चालतात. या कायद्यात नगरपरिषदेची कामे दोन प्रकारची आहेत. पाणी, गटारे, दिवाबत्ती, साफसफाई ही करावीच लागणारी कामे. बागा, वाचनालये, सभागृहे वगैरे ऐच्छिक, म्हणजे आवश्यक कामे भागवून करायची. याच कायद्यात विषय समित्यांची तरतूद आहे. त्यात शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य अशी एक समिती असते आणि महिला व बालकल्याण अशी दुसरी. पुढे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांकडे जे 18 विषय सोपवायचे ठरले, त्यांत बागा, उद्याने आणि क्रीडांगणे यांचे नाव घेऊन उल्लेख आहे. सांस्कृतिक आणि शैक्षणिक कामही त्या यादीत आहे.

म्हणजे जागा आहे, समिती आहे, कायद्यात शब्दही आहेत. अडते कुठे? आजवर वेगवेगळ्या तालुक्यांच्या गावी ज्या बागा आम्ही पाहिल्या, त्यांवरून आमच्या लक्षात आले ते असे. बाग बांधायला एकदाच पैसा लागतो आणि तो योजनेतून येतो. त्यात कंपाउंड, कारंजे, घसरगुंडी, व्यायामाची लोखंडी साधने आणि नावाची पाटी होते. उद्घाटन होते, फोटो निघतो. बाग चालवायला मात्र दर महिन्याला पगार लागतो आणि त्या पगारासाठी फोटो काढायला कुणी येत नाही. मोठ्या महापालिकेत उद्यान विभाग असतो, उद्यान अधीक्षक असतात. लहान नगरपरिषदेत हे काम बहुधा एखाद्या कर्मचाऱ्याकडे इतर कामांसोबत असते. माळी असतो, रखवालदार असतो, सफाईचे काम ठेक्यावर असते. तिघेही गरजेचे. पण माळ्याचे काम झाडांचे, रखवालदाराचे फाटकाचे आणि सफाई कामगाराचे कचऱ्याचे. बागेत आलेल्या माणसाचे काम कुणाकडे?

अशाच एका बागेतल्या वयस्कर माळ्याला आम्ही एकदा विचारले होते, “इथे मुलांसाठी काही कार्यक्रम होतात का हो, दादा?” तो हातातली पाइप खाली ठेवून म्हणाला, “झाडांचं मला विचारा, मॅडम. पोरांचं कुणाला विचारायचं ते मलाच माहीत नाही.” तो तक्रार करत नव्हता. आहे ते सांगत होता.

माणूस नसलेल्या जागेचे काय होते ते प्रत्येक आईला ठाऊक आहे. जो बलवान तो जागा घेतो. आधी मोठी मुले लहानांना बाजूला सारतात. मग टवाळ मंडळी कोपरे धरतात. मग बायका येईनाशा होतात आणि शेवटी म्हटले जाते, “एवढी बाग बांधून दिली, पण आपल्या बायकांना सवयच नाही.” सवय लावणारा कुणी नेमलाच नव्हता, हे कुणी म्हणत नाही.

पालखीचा रस्ता

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही इंदापूरला निघालो. अंतर सुमारे 50 किलोमीटर. हा रस्ता म्हणजे संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग. आषाढात पालखी बारामतीला मुक्काम करते आणि मग काटेवाडी, सणसर, बेलवडी, निमगाव केतकी करत इंदापूरला पोहोचते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवडीत गोल रिंगण होते. अश्व धावतो, पण त्याआधी झेंडेकरी धावतात, पखवाजवाले धावतात, विणेकरी धावतात आणि डोक्यावर तुळस घेतलेल्या बायकाही धावतात. साठी ओलांडलेल्या बायका पदर खोचून हजारो लोकांसमोर धावतात आणि कुणालाही त्यात वावगे वाटत नाही. विसाव्याच्या ठिकाणी फुगड्या चालतात.

डिसेंबरात या रस्त्यावर पालखी नव्हती. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर होते. भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या होत्या आणि त्यांची मुले उसाच्या वाढ्यांच्या ढिगावर उड्या मारत होती. मूल आहे तिथे खेळ आहेच. त्याला आपण शिकवावे लागत नाही. आपल्याला फक्त त्याच्या खेळाला सुरक्षित जागा आणि वेळ द्यावी लागते.

पालखीच्या व्यवस्थेचा विचार करत आम्ही चाललो होतो. एका रात्रीच्या मुक्कामासाठी गावोगावी किती आधीपासून तयारी चालते! पाण्याचे टँकर, फिरती शौचालये, दिवे, दवाखाना, वाहतूक, स्वच्छता, कुणाची ड्यूटी कुठे, कोणत्या दिंडीचा तंबू कुठे. सरकारी माणसे कामाला लागतात आणि त्यांच्याबरोबर गावातले शेकडो लोक. वारकऱ्यांना पाणी आणि चहा देणाऱ्यांत वाटेवरच्या गावांतली मुस्लीम मंडळीही असतात. आपल्या भागाला नियोजन येत नाही, असे म्हणायला म्हणूनच जागा नाही. वर्षातल्या एका मुक्कामाचे जे जमते त्याचा शंभरावा हिस्सा रोजच्या संध्याकाळसाठी जमवायचा आहे. पालखीच्या वेळी प्रत्येक कामापुढे एक नाव लिहिलेले असते. बागेच्या संध्याकाळपुढे ते लिहिलेले नसते. फरक तेवढाच आहे.

इंदापूर

निमगाव केतकीचे पानमळे मागे टाकून आम्ही इंदापुरात शिरलो. गाव बारामतीपेक्षा लहान. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इथेच लढाईत कामी आले. त्यांची गढी गावात आहे. जवळच हजरत चाँदशाहवली बाबांचा दर्गा आहे. आम्ही दर्ग्यात फातेहा पढून बाहेर आलो आणि सावलीत बसलो.

तिथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. दर्ग्याच्या आवारात बायका होत्या. म्हाताऱ्या होत्या, तान्ही मुले घेतलेल्या तरुण आया होत्या, वह्या उघडून बसलेल्या दोन शाळकरी मुली होत्या. फक्त दुआ मागायला सगळ्या आल्या नव्हत्या. काही जणी नुसत्या बसल्या होत्या. आम्ही एकीला सलाम करून विचारले, “खाला, रोज येता का?” त्या म्हणाल्या, “जुमेरातला नक्की. इथं कुणी विचारत नाही, कशाला बसलीस म्हणून.” आपल्या घरांतल्या किती बायकांना घराबाहेर अशी एक जागा असते जिथे बसण्याचे कारण द्यावे लागत नाही? पुरुषांना चौक आहे, चहाची टपरी आहे, पार आहे. बाईला बाजार आहे, पण तिथे पिशवी घेऊन जावे लागते आणि पिशवी भरली की परतावे लागते.

दर्ग्यात बाईला निर्धास्त का वाटते, याचा आम्ही विचार केला. झाडणारा मुजावर असतो, तो सगळ्यांना ओळखतो. येण्याचा वार ठरलेला असतो. इतर बायका येणार हे माहीत असते. पाणी असते. उजेड असतो. सार्वजनिक बागेत यातली एकही गोष्ट अशक्य नाही. फुलझाडांपेक्षा त्यांचीच गरज जास्त आहे.

परतताना आम्ही सोलापूर-पुणे महामार्गाने भिगवणवरून आलो. उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी इथे पसरले आहे आणि हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी उतरतात. कुंभारगावाकडे मासेमारी करणारी मंडळी पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात. धरण झाले तेव्हा पाणी आले. पक्षी आले. पण पाहुणे येऊ लागले ते तिथल्या माणसांनी पक्ष्यांची नावे शिकून घेतली, होडी हळू कशी न्यायची, इंजिन कधी बंद करायचे हे ठरवले तेव्हा. आमच्या नावाड्याने एक पक्षी दाखवून त्याच्या चोचीचा उपयोग सांगितला तसा आम्हाला एकाही पुस्तकाने सांगितला नव्हता. अम्मी तर होडीत बसायलाच तयार नव्हत्या. “दादी, मैं हूँ ना,” असे म्हणून त्याने हात दिला तेव्हा बसल्या. माणूस भेटला की जागा उघडते, ती अशी.

दुसऱ्यांनी काय केले

हे काही आमचे नवे शहाणपण नाही. मुंबईच्या नागपाड्यात, दाट मुस्लीम वस्तीत, अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा नेबरहूड हाऊस सुरू केले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे प्रमुख होते. वस्तीतल्या लोकांसाठी वाचन, वर्ग, दवाखाना आणि खेळ अशी कामे तिथे चालत. 1936 साली देशातली समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था याच घरात सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. म्हणजे वस्तीत लोकांचे कार्यक्रम चालवणे हे शिकण्याचे आणि पगाराचे काम आहे, ही गोष्ट आपल्या देशात एका मुस्लीम मोहल्ल्यात मान्य झाली. त्याच नागपाड्यातून पुढे बास्केटबॉलचे खेळाडू घडले. भारताच्या संघाचे कर्णधार झालेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. नागपाड्यातल्या पालिकेच्या मैदानाला बच्चू खान या प्रशिक्षकाचे नाव आहे. मैदाने मुंबईत पुष्कळ आहेत, पण इतक्या चिंचोळ्या वस्तीतून राष्ट्रीय खेळाडू निघाले ते शिकवणाऱ्यांमुळे.

आणखी जवळचे उदाहरण पुण्याचे. सारसबागेजवळ 1985 साली गरवारे बालभवन सुरू झाले. शोभा भागवत यांनी ते वाढवले. मुले तिथे शाळेव्यतिरिक्तच्या वेळात येतात, मातीत खेळतात, गातात, चित्रे काढतात. घसरगुंडी तिथेही आहे आणि बागेतही आहे. पण बालभवनात ताई असते. ती मुलाचे नाव जाणते, नवे मूल कोपऱ्यात उभे राहिले तर त्याला खेळात घेते, भांडण झाले तर बसून सोडवते. पालक मूल पाठवतात ते ताईच्या भरवशावर.

आणि मुलींच्या बाबतीत परदेशही आपल्याहून फार वेगळा नाही. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने 1990 च्या दशकात आपल्या बागांत पाहणी केली तेव्हा दिसले की नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येणे झपाट्याने कमी होते, मुलगे मात्र येत राहतात. तिथे बुरखा नव्हता की मोहल्ल्याचा धाक नव्हता. मोठ्या मोकळ्या पट्ट्याचा ताबा मुलगे घेत आणि मुली त्यांच्याशी भांडण्याऐवजी निघून जात, एवढेच. मग शहराने दोन बागांत जागेचे लहान भाग केले, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली, वाटा आणि उजेड वाढवला. मुली परत येऊ लागल्या. आपल्या मुली खेळत नाहीत म्हणून आपल्याच रिवाजाला दोष देणाऱ्यांनी आणि मुलींना खेळाची गरजच काय म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे लक्षात घ्यावे. राहता राहिला दीनचा प्रश्न. प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण सगळेच जाणतो. घरात ती ऐकवायची आणि मुलीला मात्र धावू द्यायचे नाही, हे कसे चालेल?

एका बागेचे वेळापत्रक

परतल्यावर आम्ही तिघींनी बसून एका बागेसाठी आठवड्याचा आराखडा केला. शाळेचे वेळापत्रक करण्याची सवय असल्याने हे काम अवघड गेले नाही. वाचकांपैकी कुणाला उपयोगी पडावा म्हणून तो इथे देतो.

पहिली गोष्ट माणसांची. माळी, रखवालदार आणि सफाई कामगार यांच्याबरोबर बागेला एक खेळताई हवी. संध्याकाळचे दोन तास, आठवड्याचे सहा दिवस. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली आणि नोकरीच्या प्रतीक्षेत असलेली मुलगी प्रत्येक तालुक्यात सापडते. पंचवीस-तीस मुलांमागे एक ताई आणि एक मदतनीस, यापेक्षा कमी माणसांत लक्ष राहत नाही, हे आम्ही वर्गाच्या अनुभवावरून सांगतो. मदतनीस म्हणून महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुली येऊ शकतात. निवृत्त शिक्षिका आठवड्यातून एक दिवस देऊ शकतात. पण ताई मानधनावरचीच हवी. फुकटच्या कामाला वेळेचे बंधन राहत नाही आणि बंधन नसले की आयांचा भरवसा बसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी फजरनंतर उजाडल्यापासून तासभर वयस्कर बायकांचे चालणे, पण गटाने. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जमायचे, म्हणजे आमच्या अम्मींसारख्यांचा “अकेली कैसे” हा प्रश्न सुटतो. असर ते मगरीब हा वेळ दहा वर्षांखालच्या मुलामुलींचा. आठवड्यातले दोन दिवस याच वेळी मोठ्या मुलींचा खेळ. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, रिंग, बॅडमिंटन. मोठ्या मुलग्यांचे मैदान कुणी काढून घेत नाही, पण बागेचा एक भाग या दोन दिवसांत मुलींचा राहील अशी पाटी लागली पाहिजे. हे फक्त मुस्लीम मुलींसाठी नको. मोहल्ल्यातल्या सगळ्या मुलींसाठी हवे. आमचा अनुभव आहे की हिंदू आयाही हेच मागतात, शब्द फक्त वेगळे असतात.

तिसरी गोष्ट वर्षाची. मार्चमध्ये परीक्षा, म्हणून वेळ कमी. एप्रिल-मेमध्ये ऊन, म्हणून सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. पावसाळ्यात नगरपरिषदेच्या शाळेचा वर्ग किंवा सभागृह मागायचे आणि कॅरम, वाचन, शिवण, गोष्टी घ्यायच्या. पालखीच्या दिवसात सुट्टी, कारण मैदाने आणि माणसे दोन्ही तिकडे लागतात. रमजानमध्ये संध्याकाळ बंद ठेवून सकाळचा वेळ ठेवायचा. ईद आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सगळ्या कुटुंबांचा मेळावा. हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो, म्हणून फाटकापासून रस्त्यापर्यंतचे दिवे आधी तपासायचे.

चौथी गोष्ट सामानाची. एक लोखंडी पेटी, तिची किल्ली ताईकडे. आत चेंडू, दोऱ्या, रिंगा, लगोरी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि एक वही. वहीत रोज किती मुलगे, किती मुली, किती बायका आल्या ते लिहायचे. ही वही सगळ्यात महत्त्वाची. पुढच्या वर्षी समितीपुढे पैसे मागायला जाल तेव्हा भाषण कामाला येत नाही, वही येते. आणि दुसऱ्या महिन्यात मुलींचा आकडा घसरला तर कारण शोधता येते. कधी ते शौचालयाचे कुलूप असते, कधी वाटेवरची पानटपरी.

पाचवी गोष्ट पैशाची. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकातला 5 टक्के हिस्सा राखून ठेवावा, असे राज्याचे धोरण आहे. त्यातून बहुतेक ठिकाणी शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरचे वर्ग होतात. तेही व्हावेत. पण दोन खेळतायांचे वर्षाचे मानधन त्यात बसवा, अशी मागणी त्या यादीत कधी वाचायला मिळत नाही, कारण ती कुणी करतच नाही.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, नगरपरिषदेचे अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तयार होते. आपल्या मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस आयांनी सह्या करून अर्ज द्यायला तेवढा वेळ पुरेसा आहे. अर्जात नवी बाग मागू नका. नवे कारंजे मागू नका. आहे त्या बागेसाठी एक ताई मागा, दोन दिवस मागा, एक दिवा आणि एक उघडे शौचालय मागा. अर्ज महिला व बालकल्याण समितीच्या नावे द्या, पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. जाताना घरातल्या एका पुरुषाला बरोबर घ्या, त्यालाही कळू द्या की हे घरचेच काम आहे.

आमच्या शाळेतल्या मुलींसाठी आम्ही या मे महिन्यात तीन आठवड्यांचा वर्ग ठरवला आहे, सकाळी सात ते नऊ. पेटी घेतली आहे, वही घेतली आहे. आठवीतल्या अकरा मुलींच्या आयांनी आतापर्यंत होकार दिला आहे. बाकीच्यांच्या घरी आम्ही जुम्याच्या दुपारी जाणार आहोत, आणि अम्मी आमच्याबरोबर येणार आहेत.